नदीकाठची तबकडी

पिठाच्या डब्याचं झाकण गच्चीवरून भिरकावलं नाही असं मूल आमच्या वाड्यात नव्हतं. उजव्या हातात झाकण धरायचं, हात छातीशी आडवा आणायचा आणि मनगटाला झटका देऊन सोडायचं. झाकण आधी सरळ जायचं, जरा वेळ हवेत तरंगल्यासारखं वाटायचं आणि खाली उतरताना हमखास डावीकडे घसरायचं. दहा वेळा टाका, दहाही वेळा डावीकडेच. आमच्यात एक डावखुरा होता, त्याचं झाकण तेवढ्याच इमानदारीनं उजवीकडे जायचं. आम्ही वाऱ्याला दोष देत असू. पण पान हलत नसे अशा दुपारीही झाकण आपल्या मार्गानेच जाई.

या कोड्याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं, तेही कॅलिफोर्नियातल्या एका नदीकाठच्या बागेत. भाच्याकडे गेलो होतो. रविवारी सकाळी तो म्हणाला, "मामा, चल, तुला डिस्क गोल्फ दाखवतो." पॅसाडीना शहराच्या वायव्य टोकाला हाहामोंग्ना नावाची बाग आहे. हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या, टोंग्वा लोकांच्या भाषेतला शब्द. वाहतं पाणी, सुपीक खोरं असा त्याचा अर्थ सांगतात. बागेला लागून नदी आहे, आरोयो सेको. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ कोरडा ओढा, आणि वर्षातले बरेच महिने तो अगदी खरा असतो. सॅन गॅब्रिएलच्या डोंगरांवर पाऊस झाला की हीच नदी गाळ आणि दगडधोंडे घेऊन धावत येते. काठावर ओकची जुनी, पसरट झाडं आहेत आणि त्यांच्या सावलीत जगातलं पहिलं कायमस्वरूपी डिस्क गोल्फ कोर्स आहे. ते १९७५ साली सुरू झालं, तेव्हा या बागेचं नाव ओक ग्रोव्ह होतं.

खेळ कळायला पाच मिनिटं पुरतात

गोल्फमध्ये चेंडू काठीने मारून खळग्यात घालतात. इथे चेंडूऐवजी प्लॅस्टिकची तबकडी, काठीऐवजी आपला हात आणि खळग्याऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली. टोपलीच्या वर साखळ्यांचा झुबका लोंबत असतो. ठरलेल्या चौथऱ्यावरून पहिली फेक करायची. तबकडी जिथे पडेल तिथून दुसरी, मग तिसरी, अशी टोपलीत जाईपर्यंत. प्रत्येक फेकीचा एक आकडा आणि शेवटी ज्याची बेरीज कमी तो जिंकला. कोर्सवर अशा नऊ किंवा अठरा टोपल्या असतात. एकीपासून दुसरीपर्यंत चालत जायचं, त्यामुळे अठरा टोपल्या होईपर्यंत दोनेक तास सहज जातात आणि पाय चांगले मोकळे होतात. जो टोपलीपासून सर्वांत लांब, त्याने आधी फेकायचं. टोपली दहा मीटरच्या आत आली की फेकल्यावर तोल सांभाळून जागेवरच उभं राहायचं, पुढे झेपावून तबकडी आत ठेवायला परवानगी नाही.

सार्वजनिक बागांतल्या बऱ्याच कोर्सवर पैसे पडत नाहीत. आम्ही गेलो त्या सकाळी एक आजोबा आपल्या दहा-अकरा वर्षांच्या नातीबरोबर खेळत होते. दोन तबकड्या, पाण्याची एक बाटली, एवढंच सामान.

झाकणापासून तबकडीपर्यंत

या खेळाचं मूळही डब्याच्या झाकणातच आहे हे वाचून मला फार आनंद झाला होता. वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन या अमेरिकी माणसाने सांगितलेली हकिकत अशी, की १९३७ साली तो आणि त्याची भावी पत्नी पॉपकॉर्नच्या डब्याचं झाकण एकमेकांकडे फेकत होते. झाकण पोचे पडून वाकडं झालं तेव्हा त्यांनी केक भाजायची पसरट थाळी घेतली, ती जास्त छान उडाली. सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर त्यांचा खेळ पाहून एकाने पाच सेंटची ती थाळी पंचवीस सेंटला मागितली आणि मॉरिसनला धंदा सापडला. पुढे त्याने प्लॅस्टिकची तबकडी बनवली. १९५७ मध्ये व्हॅम-ओ कंपनीने तिचे हक्क घेतले आणि तिला फ्रिस्बी हे नाव मिळालं. हे नाव कनेक्टिकटमधल्या 'पाय' हा भाजलेला पदार्थ बनवणाऱ्या फ्रिस्बी नावाच्या बेकरीवरून आलं. तिच्या रिकाम्या थाळ्या विद्यार्थी अशाच फेकत असत.

व्हॅम-ओमध्ये काम करणाऱ्या एड हेड्रिक यांनी फ्रिस्बीच्या पाठीवर बारीक वर्तुळाकार रेषा उमटवून तिचं उडणं स्थिर केलं. ओक ग्रोव्हचं कोर्स आखणारेही तेच. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, त्यांनी व्यावसायिक डिस्क गोल्फ खेळाडूंची संघटना स्थापन केली. २००२ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थींची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या घडवण्यात आल्या. एखादा माणूस एखाद्या वस्तूवर किती जीव लावू शकतो हे मला त्यातून दिसतं.

तबकडी हवेत राहते कशी?

एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून पाहिलेला आठवतो का? कंडक्टर ओरडायचा, पण त्याआधी एक गोष्ट कळलेली असायची. तळवा आडवा धरून पुढची कड जरा वर उचलली की हात आपोआप वर ढकलला जातो. तळवा समोरून येणारी हवा खाली लोटतो आणि हवा तळव्याला वर लोटते. तबकडीचंही तसंच. तिची पाठ किंचित फुगीर असते, आणि पुढची कड थोडी वर राहिली की ती हवा खाली ढकलत पुढे जाते. तिला उचलून धरणाऱ्या हवेच्या या जोराला उचल म्हणू.

पण नुसती उचल पुरत नाही. तेच झाकण न फिरवता फेकून पाहा, दोन कोलांट्या खाऊन आपटेल. कारण हवेचा धक्का नेमका तबकडीच्या मध्यावर बसत नाही, कधी मध्याच्या थोडा पुढे बसतो, कधी थोडा मागे. त्यामुळे तबकडी सतत उलटू पाहते. तिला वाचवते ती गिरकी. भोवरा थांबलेला असला की टोकावर उभा राहत नाही, फिरत असला की राहतो, तोच न्याय इथे लागतो. साधारण खेळाडूच्या हातून सुटलेली तबकडीसुद्धा सेकंदाला दहा-पंधरा गिरक्या घेत असते.

डिस्क गोल्फची तबकडी हातात घेतली की ही गिरकी टिकवण्याची युक्ती बोटांना कळते. आकार न्याहारीच्या ताटलीएवढा, एकवीस-बावीस सेंटीमीटर. वजन साधारण दीडशे ते एकशे ऐंशी ग्रॅम. मधला भाग पातळ, आणि कड मात्र जाड, भरीव, आतून बोटं अडकतील अशी. बरंचसं वजन कडेला ठेवलेलं असतं. शिवणयंत्राच्या पायट्यावरून पाय काढला तरी जड चाक काही वेळ फिरत राहतं ना, तशी ही कड गिरकी सांभाळून ठेवते.

मग डावीकडेच का?

आता मूळ कोडं. ते उलगडायला झोपाळा डोळ्यांसमोर आणा. झोका सर्वांत खाली असताना तुम्ही त्याला ढकलता, पण तो सर्वांत उंच तिथे नसतो. ढकलल्यानंतर काही क्षणांनी, आपल्या फेरीचा पाव भाग पार केल्यावर तो उंच टोकाला पोचतो. धक्का एका जागी बसतो, परिणाम पुढच्या जागी दिसतो.

फिरत्या तबकडीच्या कडेचा प्रत्येक तुकडा असाच वागतो. उजव्या हाताने छातीसमोरून फेकलेली तबकडी वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. कडेचा तुकडा पुढून उजवीकडे, उजवीकडून मागे, मागून डावीकडे आणि परत पुढे असा जातो. समजा हवेने तबकडीच्या पुढच्या टोकाला वर ढकललं. त्या क्षणी पुढे असलेल्या तुकड्याला धक्का बसला, पण तो वर उचलला जाईपर्यंत पाव फेरी झाली आणि तो उजव्या बाजूला पोचला. म्हणून पुढचं टोक वर येण्याऐवजी उजवी बाजू वर येते. उजवी बाजू वर म्हणजे डावी खाली, आणि तबकडी डावीकडे कलली. सायकल वळवताना आपण ज्या बाजूला कलतो तिकडेच ती वळते, तशीच कललेली तबकडी डावीकडे वळते.

हवा पुढच्या टोकाला कधी ढकलते? वेग कमी झाल्यावर. वेग ओसरला की उचल पुरेनाशी होते, तबकडी खाली बसू लागते, हवा तिच्यावर अधिक खालून येऊन आदळते आणि धक्क्याची जागा मध्याच्या पुढे सरकते. म्हणून हे डावं वळण नेहमी शेवटी येतं. खेळाडू याला फेड म्हणतात.

सुरुवातीला, वेग भरपूर असताना, नेमकं उलट घडतं. तेव्हा धक्का मध्याच्या मागे बसतो. मागचा तुकडा पाव फेरीनंतर डावीकडे पोचतो, म्हणून डावी बाजू उचलली जाते आणि तबकडी थोडी उजवीकडे झुकते. याला टर्न म्हणतात. चांगल्या खेळाडूची लांब फेक त्यामुळे आधी उजवीकडे, मग डावीकडे अशी नागमोडी जाते. आमची झाकणं उजवीकडे झुकत नसत, कारण तेवढा वेग आमच्या हातात नव्हता. डावखुऱ्याची गिरकी उलटी, म्हणून त्याची दिशाही उलटी.

मनगटात दोष नव्हता, वाऱ्यात नव्हता. झाकण फिरत होतं आणि मंदावत होतं, म्हणून ते डावीकडे जात होतं. हे समजल्यावर नदीकाठच्या त्या बागेत मला सगळं वेगळंच दिसू लागलं.

[चौकट]
तबकडीवरचे चार आकडे
दुकानात तबकडीवर ओळीने चार आकडे छापलेले दिसतात. पहिला वेगाचा, साधारण १ ते १४. हा तबकडी किती वेगाने जाईल याची हमी नव्हे, ती नीट उडायला हाताने किती वेग द्यावा लागेल हे तो सांगतो. दुसरा तरंगण्याचा, १ ते ७. तिसरा टर्नचा, बहुधा शून्य किंवा उणे. जितका उणे, तितका सुरुवातीचा उजवा कल जास्त. चौथा फेडचा, ० ते ५. जितका मोठा, तितकं शेवटचं डावं वळण कडक. (उजव्या हाताने, छातीसमोरून फेकणाऱ्यासाठी.)
[चौकट समाप्त]

पातळ कडेचा मोह

डेव्ह ड्युनिपेस यांनी १९८३ मध्ये तबकडीची गोलसर कड तासून उतरती, धारदार केली आणि खेळ बदलला. धारदार कड हवा कापत जाते, म्हणून तबकडी फार लांब जाते. २०१६ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात, पाठीशी वारा घेऊन, डेव्हिड विगिन्स ज्युनियर याने तबकडी ३३८ मीटर फेकली. क्रिकेटच्या मैदानाची रुंदी दीडशे मीटर धरली तर ही दोन मैदानांहून लांब फेक झाली.

अशा लांब पल्ल्याच्या तबकडीला ड्रायव्हर म्हणतात. मधल्या पल्ल्याची ती मिडरेंज, आणि बोथट, जाडसर कडेची, टोपलीजवळ वापरायची ती पटर. नवा माणूस दुकानात जातो आणि लांब जाते म्हणून ड्रायव्हर उचलतो. माझं स्पष्ट मत आहे की त्याने तसं करू नये. ड्रायव्हरला जो वेग लागतो तो नव्या हातात नसतो, त्यामुळे तिचा प्रवास पहिल्या क्षणापासूनच मंदावण्याचा असतो आणि ती लगेच डावीकडे घसरते. पटर मात्र कमी वेगातही सरळ जाते. भाच्याने मला पहिले दोन तास पटरशिवाय दुसरं काही हातात दिलं नाही, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

नदी कुठल्या हाताला आहे?

नदीकाठच्या कोर्सवर चौथऱ्यावर उभं राहिल्यावर विचारायचा पहिला प्रश्न हाच. नदी उजवीकडे असेल तर उजव्या हाताचा खेळाडू निर्धास्त असतो, कारण शेवटचं वळण तबकडीला पाण्यापासून दूर नेतं. नदी डावीकडे असेल तर तेच वळण तिला पाण्यात नेऊन घालतं. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे टोपलीच्या बरंच उजवीकडे रोखून फेकायचं आणि वळणासाठी जागा राखायची. दुसरा म्हणजे तबकडी उजव्या बाजूने, पाण्यावर चपटा दगड फेकतो तशी फेकायची. त्याने गिरकी उलटी होते आणि वळणही उजवीकडे जातं. या फेकीला फोरहँड म्हणतात.

मग वारा. नदीचं पात्र म्हणजे वाऱ्याला मोकळा रस्ता. तबकडीला जमिनीवरचा वेग कळत नाही, तिला कळतो फक्त हवेतला. ताशी ७० किलोमीटरने सोडलेल्या तबकडीला समोरून २० चा वारा आला तर हवेच्या हिशेबाने तिचा वेग ९० झाला. ती जास्त उचलली जाते आणि जास्त उजवीकडे झुकते. तोच वारा पाठीमागून आला तर हिशेब ५० चा. मग ती लवकर बसते आणि डावं वळण आधीच सुरू होतं. झाडीत वारा लागत नाही, आणि झाडी संपून पात्रावर आल्याबरोबर लागतो. म्हणून खेळाडू चिमूटभर गवत उपटून हवेत सोडतात आणि ते कुठे जातं ते पाहतात.

तबकडी पाण्यात गेली तर दंडाचा एक आकडा वाढतो आणि ती काठावरून जिथे ओलांडून गेली तिथून पुढचा डाव. तबकडी परत मिळेल की नाही हा प्रश्न वेगळा. तिने व्यापलेल्या जागेत जेवढं पाणी मावेल त्याहून ती जड असली तर ती बुडते, आणि नेहमीच्या दणकट प्लॅस्टिकच्या बहुतेक तबकड्या बुडतातच. बुडाली की चपट्या आकारामुळे तळाच्या गाळाला चिकटते. म्हणून काही जण पाण्याजवळ मुद्दाम हलक्या, तरंगणाऱ्या तबकड्या वापरतात. बहुतेक जण तबकडीच्या पोटाशी आपला फोन नंबर लिहून ठेवतात. खाली प्रवाहात कुणाला ती सापडली तर तो फोन करतो, हा या खेळातला मला फार आवडलेला रिवाज.

आरोयो सेकोच्या कोरड्या काठावर पाण्याची भीती कमी, पण झुडपांची असते. तिथे पॉयझन ओक नावाची वनस्पती आहे, एका देठाला तीन-तीन पानं. तिचा नुसता स्पर्श झाला तरी अंगावर खाजरे फोड उठतात. शिवाय उन्हाळ्यात खुळखुळ्या सापांचा वावर असतो. "मामा, आधी काठीने झुडूप हलव, मगच हात घाल," हे भाच्याने मला तीनदा बजावलं.

साखळ्या तबकडीला धरतात कशा?

टोपल्या येण्याआधी लोक झाडाला, दिव्याच्या खांबाला तबकडी मारत. लागली की नाही लागली यावरून वाद व्हायचे. हेड्रिक यांनी साखळ्यांची टोपली शोधून तो वादच मिटवला. तिचं पेटंट त्यांना १९७७ मध्ये मिळालं.

वेगाने येणारी तबकडी लोखंडाला आपटून परत का उडत नाही? झेल घेणारा क्षेत्ररक्षक हात ताठ ठेवत नाही, चेंडूबरोबर मागे नेतो, म्हणून चेंडू तळव्यात राहतो. साखळीही मागे जाते. तिच्या डझनावारी कड्या एकमेकींवर घासतात, हलतात, खणखणतात, आणि तबकडीचा जोर त्या हालचालीत वाटला जातो. तो खणखणाट म्हणजे जिरत असलेला जोरच. गिरकीही साखळ्यांत गुंतून थांबते आणि तबकडी सरळ खाली टोपलीत पडते. फार वेगाने आली किंवा साखळ्यांच्या अगदी कडेला लागली तर मात्र निसटते. म्हणून शेवटची फेक हळुवार आणि मधोमध हवी.

असली कोर्सं नदीकाठीच का?

पुणेकरांना निळी आणि लाल पूररेषा माहीत आहेत. निळी म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नाही असा नियम आहे, कारण तिथे नदी आपली जागा परत मागायला येते. जगभर शहरांपुढे हाच प्रश्न आहे की पाणी येणाऱ्या जमिनीचं करायचं काय? पॅसाडीनाच्या या बागेखाली १९२० साली बांधलेलं डेव्हिल्स गेट धरण आहे, ते पुराचं पाणी अडवण्यासाठीच. त्याच्या वरच्या अंगाला घरं बांधणं धोक्याचं. डिस्क गोल्फला लागतात काही खांब आणि काही चौथरे. पूर आला तर पाणी खांबांमधून निघून जातं, ओसरल्यावर गाळ खरवडला की खेळ सुरू. जमीन सपाट करावी लागत नाही, गोल्फसारखं हिरवळीला पाणी पाजावं लागत नाही, झाडं तोडावी लागत नाहीत. उलट झाडं हवीतच, तीच तर अडथळे.

पण झाडांना याची किंमत मोजावी लागते, आणि हे सांगितल्याशिवाय लेख पुरा करणं मला बरोबर वाटत नाही. रोज शेकडो पावलं त्याच वाटेवरून गेली की माती चेपून दगडासारखी होते. मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मुळांना हवा आणि पाणी मिळतं. ती पोकळीच बुजली की झाड वरून हिरवं दिसत असताना खालून गुदमरू लागतं. गवत गेलं की पावसाचं पाणी माती नदीत ओढून नेतं. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात शोल क्रीकच्या काठी पीज पार्कमध्ये खूप लोकप्रिय कोर्स होतं. झाडांचं आणि काठाचं इतकं नुकसान झालं, की ते बंद करून शहराने खेळाडूंना कोलोराडो नदीकाठच्या दुसऱ्या बागेत जागा दिली. आता अनेक ठिकाणी बुंध्याभोवती लाकडाच्या चिपांचा जाड थर घालतात, टोपल्यांच्या जागा दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणजे पायांखालची जमीन आळीपाळीने विसावते.

पुन्हा त्याच टोपलीपाशी

दुपार होत आली तेव्हा आम्ही सुरुवातीच्या एका टोपलीकडे परत आलो. दक्षिणेकडे तोंड, डावीकडे उतार आणि खाली नदीचं पांढरं, कोरडं पात्र. सकाळी माझ्या दोन तबकड्या तिकडेच गेल्या होत्या. पाठीमागे नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या इमारती उन्हात दिसत होत्या. याच खोऱ्यात, १९३६ साली, काही तरुणांनी रॉकेटच्या इंजिनाचे आपले पहिले प्रयोग केले होते.

"आता कुठे रोखशील?" भाच्याने विचारलं.

टोपली सरळ समोर होती. मी तिच्या उजवीकडच्या ओककडे बोट दाखवलं. तबकडी त्या झाडाच्या दिशेने सुटली, फांदीखालून गेली आणि मंदावली. उजवी कड किंचित वर आलेली मला दिसली. मग ती डावीकडे वळली आणि टोपलीपासून चार पावलांवर, सावलीत टेकली.

भाचा काही बोलला नाही. त्याने दुसरी पटर माझ्या हातात ठेवली आणि साखळ्यांकडे मान हलवली.